दुसऱ्याच्या नंबरचं झबलं

बुधवार, ११ सप्टेंबर

रविवारी ओमाहाशी अमेरिकन फुटबॉलचा सामना, म्हणून आज मी त्यांचा बावन्न नंबर. जर्सीवर जाळीचं लाल झबलं चढवलं, छातीवर ५२ आला, झाला ओमाहाचा लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला गडी, तयार! मागच्या बुधवारी टल्साचा एकोणसाठ होतो. पुढच्या बुधवारी आणखी कुणीतरी.

कोच ड्रेशर पुठ्ठे उंच धरतात. ओमाहावाले कुठे उभे राहतात, कुठे पळतात त्याची चित्रं. आम्ही सराव-पथकातल्यांनी चित्राबरहुकूम पळायचं, म्हणजे आमच्या मुख्य संघाला रविवारची रंगीत तालीम मिळते. मी पुठ्ठ्याकडे बघतही नाही. काल सुट्टी होती, तर दिवसभर हॉटेलच्या खोलीत त्या बावन्नच्या फिल्म बघत बसलो. सापडलं! पठ्ठ्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, धावून जाणार असला की आधी पँट वर ओढतो. जायचं नसेल तर नाही.

आज सरावात मीही ओढली. ऑग्डेन आमचा सेंटर, आक्रमणात मधोमध उभा राहून समोरच्यांना अडवणारा — दारातून तिरका होऊन आत येणारा माणूस. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा ओरडला, "काका, पट्टा घे की एखादा!" सगळे हसले. चौथ्यांदा तो हसला नाही. त्याच्या लक्षात आलं.

एकोणतीस वर्षांचा आहे मी. आणि काका!

रविवार, १५ सप्टेंबर

जिंकलो. ओमाहाच्या बावन्नने पँट ओढली की ऑग्डेन बोट दाखवायचा आणि दोघं त्याच्या वाटेत उभे. बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की चुकतंय काय.

नंतर लॉकररूममध्ये मोठ्या कोचनी सामन्याचा चेंडू मान म्हणून ऑग्डेनला दिला. टाळ्या. तो माझ्याकडे बघून हसला, डोळा मारला. तेवढंच.

आम्हा सराव-पथकातल्यांना रविवारी गणवेश नसतो. ट्रॅकपँट घालून कडेला उभं राहायचं. शेजारी कुणाची तरी मावशी उभी होती. म्हणाली, "तुम्ही फिजिओ का?"

"हो," म्हणालो. कोण समजावत बसणार!

मंगळवार, १ ऑक्टोबर

माझा एजंट लेनी याचा फोन. म्हणजे मीच केला, त्याने चौथ्यांदा उचलला.

"कुठल्या संघाने विचारलं का?"

"रॉइस, विचारायला दाखवू काय मी? सरावाची फिल्म इमारतीबाहेर जात नाही. मला रविवारची दे."

"लुईव्हिलची आहे की."

"गुडघ्याच्या आधीची. त्या फिल्ममधल्या माणसाला मीसुद्धा घेतला असता."

खरंय त्याचं, म्हणून जास्त राग आला. लुईव्हिलला अर्धा मोसम खेळलो, मग गुडघा गेला, मग हे शहर नाहीतर ते शहर. सगळीकडे झबली. माझ्या कामाचा पुरावा फक्त दुसऱ्यांच्या विजयात आहे आणि तो काही फिल्मवर दिसत नाही.

रविवारचा एक सामना. नावाची जर्सी, अंगावर माझा चोपन्न. एवढंच मागतोय.

बुधवार, २३ ऑक्टोबर

आज डोकं फिरलं.

बॉइझीचा चव्वेचाळीस व्हायचं होतं. हा गडी आळशी आहे. चेंडू बाहेरच्या बाजूने गेला तरी आधी आत पाऊल टाकतो, मग त्याला उशीर होतो. पुठ्ठ्यावर बाण आतल्या बाजूला. मला समोर स्पष्ट दिसत होतं, चेंडू बाहेर चाललाय. किती महिने असं दिसत असताना चुकीच्या दिशेने पळायचं! पाय आपोआप बाहेर गेले. चेंडू घेऊन पळणाऱ्या आमच्या गड्याला मी असा आडवा पाडला की ढोल वाजावा तसा आवाज झाला.

शिट्टी. ड्रेशर लाल.

"पेटवे! तू तिथे काय करतोयस?"

"टॅकल करतोय, कोच."

"बॉइझीचा चव्वेचाळीस तिथे कधी असतो का?"

"तो नसतो. मी होतो."

"तू आज इथे नाहीसच, पेटवे! चल, पुन्हा!"

पुन्हा तीच चाल. पुन्हा मी बाहेर, पुन्हा पळणारा जमिनीवर. या वेळी ऑग्डेन आला, हेल्मेट काढून. वाटलं हाणतो आता. पण हळू आवाजात म्हणाला, "मस्त मारलंस. खरंच मस्त. पण रविवारी मला याचा काय उपयोग, काका? तिथे तू नसणार."

तिसऱ्या वेळी आत पळालो. चुकलो. सगळे खूश.

बरोबर खेळलो म्हणून शिव्या खाल्लेला जगातला एकटा लाइनबॅकर!

गुरुवार, २४ ऑक्टोबर

बायकोला, कोरिनला, कालचं सांगितलं. ती तिकडे अलाबामात दातांच्या दवाखान्यात कामाला, जेवणाच्या सुट्टीत बोलते. आधी खूप हसली. मग म्हणाली, "टन्स्टल कोच निवृत्त होतायत. शाळेने तुझ्याबद्दल विचारलंय."

माझी शाळा. तिथेच पहिल्यांदा हेल्मेट घातलं. पोरांना बचाव शिकवायचा आणि दिवसा पीटीचे तास घ्यायचे.

"मोसम संपला की लगेच उत्तर पाहिजे त्यांना. रॉइस, घर आहे, मी आहे. तू तिथे हॉटेलच्या शेगडीवर अंडी उकडतोयस."

"पिअरोगीपण करतो, त्या पोलिश करंज्या. खालच्या पोलिश बाईकडून गोठवलेले आणतो आणि परततो."

"विषय बदलू नकोस."

बदलला. पण डोक्यातून गेला नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

काल केसलर पडला. आमचा मधला लाइनबॅकर. खांद्याचं हाड मोडलं. तो वेदनेने ओरडत होता आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला ते इथेही लिहीत नाही.

आज सकाळी दाढी करून गेलो. बोलावणं येणार! लॉकरसमोर उगाच बूट सोडत-बांधत बसलो. शेजारचा म्हणाला, "काका, लग्नाला निघालास का?"

दुपारी बोलावणं आलं — ड्रेशरचं. उद्या टल्सातून एकाला आणतायत. त्यांनी काढून टाकलेला.

"मला का नाही?"

"बस आधी." मग गोड आवाजात: "हे बघ, तुझ्यासारखा बुधवारचा माणूस अख्ख्या लीगमध्ये नाही. तीन सामने आपण तुझ्यामुळे जिंकलो, हे मी मोठ्या कोचना स्वतः सांगितलंय. तुला वर घेतलं तर बुधवारी माझ्याकडे कोण राहील?"

म्हणजे जास्त चांगला आहे म्हणून खाली! वाईट असतो तर हाकलला असता. मध्यम असतो तर वर गेलो असतो का?

"धन्यवाद, कोच," म्हणालो. कशाबद्दल, कुणास ठाऊक.

बुधवार, १३ नोव्हेंबर

टल्साचा गडी आला. प्राइस नाव. वागायला बरा आहे. खाणाखुणा, हाका काहीच माहीत नाही. सरावानंतर माझ्याकडे आला, "दादा, जरा शिकवतोस? म्हणतात तुला सगळं पाठ आहे."

शिकवलं. संध्याकाळ गेली. माझी जागा दुसऱ्याने नीट भरावी म्हणून मीच घाम गाळतोय!

गुरुवार, २८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. ऑग्डेनच्या घरी जेवण. दोन टर्की — एक आम्हाला, एक त्याला. मी रताळ्याचा 'पाय' भाजला, गोड सारण भरलेला, आई करते तसा. वरून फाटला, पण संपला.

ऑग्डेनची बायको सगळ्यांची ओळख करून देत होती. "हा प्राइस, लाइनबॅकर. आणि हा रॉइस..." थांबली. नवऱ्याकडे बघितलं.

"हा सगळेच," ऑग्डेन म्हणाला. "हवा तो माग. या आठवड्यात कोण आहेस रे?"

"रेनोचा पन्नास."

"बघ! कसा करतो ते दाखव ना, तो मान कशी मोडतो!"

दाखवलं. पाहुण्यांना हसून ठसका लागला. मी ताट उचलून स्वयंपाकघरात गेलो.

शनिवार, ७ डिसेंबर

काही नाही. बर्फ. सराव. झबलं.

सोमवार, २३ डिसेंबर

मोठ्या कोचच्या खोलीत गेलो. स्वतः होऊन, ड्रेशरला न सांगता. असं करत नाहीत. भाषण ठरवून गेलो होतो, तोंडातून एवढंच निघालं: "एक रविवार द्या. मग हवं तर काढून टाका."

ते फिल्म बघत होते. वळले नाहीत. "ड्रेशर तुला सोडणार नाही."

"बुधवारी झबलं घालतो. रविवारी जर्सी घालतो. दोन्ही करतो."

"बघू," म्हणाले.

या माणसाच्या 'बघू'ला काही अर्थ असतो की नाही, कुणालाच माहीत नाही. ऑग्डेनला विचारलं. म्हणाला, "माझ्या पगारवाढीला पण बघूच म्हणाले होते. अजून बघतायत."

शनिवार, ४ जानेवारी

वर घेतलं!!

प्राइसची मांडी दुखावली. उद्या मोसमातला शेवटचा साखळी सामना. आमची बाद फेरी आधीच पक्की, म्हणून निम्म्या लोकांना विश्रांती. म्हणजे कुणाचंच फार अडणार नाही अशा दिवशी मी. असू दे! कोरिनला फोन केला. म्हणाली, "टीव्हीवर दिसशील?"

रविवार, ५ जानेवारी

जर्सीवर पेटवे लिहिलं होतं. ५४. हात लावून बघितला, शिवण पक्की आहे ना.

पहिल्या चालीला गोंधळलो. समोर काय होणार ते दिसत होतं, पण एक क्षण वाट बघत राहिलो — पुठ्ठा कुठाय? तेवढ्यात पळणारा शेजारून निघून गेला. दुसऱ्या चालीपासून बरं. मग तर फारच बरं. दोनदा त्यांचा पळणारा मागच्या मागे पाडला. एकदा क्वार्टरबॅकला गाठला. तो पडल्या पडल्या म्हणाला, "तू कोण रे?" सामन्यात सगळेच बडबडतात, पण याला खरंच माहीत नव्हतं.

हरलो आम्ही. मला मात्र जेवण गोड लागलं.

सोमवार, ६ जानेवारी

ड्रेशरने पाठ थोपटली. "छान खेळलास. बुधवारी तू पोर्टलंडचा अठ्ठेचाळीस."

"आणि रविवारी?"

"प्राइस बरा होतोय. तुला विमानात घेऊ, गणवेशपण देऊ. अडलं तरच आत."

लेनी म्हणाला, "चांगलं आहे, पण एकच सामना, आणि तोही कुणाला काही पडलेली नव्हती असा. लोक म्हणतात, समोर राखीव गडी होते." विचारलं, कोण लोक? म्हणाला, "लोक रे."

एवढी वर्षं ज्याच्यासाठी घासली तो रविवार मिळाला आणि तोही मोजायचा नाही म्हणे!

कोरिनला सांगितलं, शाळेला हो कळव. पुढच्या सोमवारी सकाळी ती जाऊन मुख्याध्यापकांना भेटणार आहे. तिने नीट विचारलं, "नक्की ना? मला उगाच त्यांच्यासमोर तोंडघशी पाडू नकोस." नक्की म्हटलं. फोन ठेवल्यावर हलकं वाटायला हवं होतं. भिंतीला चेंडू मारत बसलो. शेजारच्या खोलीतल्याने भिंत ठोकली.

बुधवार, ८ जानेवारी

पोर्टलंडचा अठ्ठेचाळीस झालो. सगळं अचूक केलं. ऑग्डेन म्हणाला, "काका, आज अंगात जीव नव्हता तुझ्या." मी म्हटलं, "अठ्ठेचाळीसच्या अंगातच नसतो." हसला तो. मी तेवढ्यासाठीच बोललो होतो.

रविवार, १२ जानेवारी

हरलो. मोसम संपला. मी शेवटपर्यंत बाकावर. बचावात एकदाही आत नाही.

मैदानातून निघालो तर पोर्टलंडचा एक जण ट्रॅकपँटमध्ये धावत आला. "चोपन्न तूच ना? आठवडाभर सरावात मी तू होतो." मला आधी समजलंच नाही. "तू धावून जाणार असलास की डावा अंगठा हनुवटीच्या पट्ट्यात खुपसतोस. मागच्या रविवारच्या फिल्ममध्ये पकडलं मी. मुद्दाम करतोस का? आमचा सेंटर रात्रंदिवस तेच घोकत होता. कोच म्हणाले, या माणसाला आधी अडवा. मग आज तुला आत का नाही घेतलं त्यांनी?"

मी असं करतो हे मला माहीतच नव्हतं.

आता बसमध्ये आहे. कोरिनला मेसेज टाकला — उद्या शाळेत जाऊ नकोस.