अप्पांचं तस्त

अष्टमी, रोहा
९ ऑगस्ट १९९६

कुमुदवहिनींना नमस्कार,

अप्पा पेणहून तुमच्याकडून इथे आले त्याला आज आठवडा झाला. त्यांचं कफ थुंकायचं तस्त शाळेत शिकवायला जाण्याआधी मीच धुते. राखेने घासलं तरी तळाला चिकट थर राहतोच, तो बोटाने काढावा लागतो. मंगळवारी मला मोरीतच उलटी झाली. नंतर वर्गात खडू धरतानाही हाताला तो वास येत होता. हे म्हणतात, "वडीलच आहेत ना माझे." स्वतः मात्र त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत.

आज इराने डबा घेतला नाही.

"आई, तू त्याच हातांनी पोळ्या केल्यास?"

"साबणाने दोनदा धुतलेत गं."

"तरी मला किळस येते."

मी तिच्या थोबाडीत मारली. सात वर्षांची पोर उपाशीच शाळेत गेली.

वहिनी, तुम्ही हे सहा वर्षं केलंत. गणपतीत आम्ही यायचो, तेव्हा तुमच्या हातचा चहा मी गुपचूप परसात नेऊन ओतायचे. तुम्हाला कळत नाही असं समजायचे. आता वाटतं, तुम्ही पाहिलं असणार. तरी पहिला कप दर वेळी मलाच द्यायचात.

हे पत्र पोस्टात टाकायचा धीर मला होणार नाही.

तुमची धाकटी जाऊ,
सुनीती