रिकाम्या नळीतला भूर्ज

प्रिय ताई,

फोन उचलत नाही म्हणून चिडू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी ‘बरं’ म्हणतो, हे आपलं लहानपणापासूनचं आहे. कागदावर मला मध्येच कोणी तोडत नाही.

प्रयोगशाळेच्या मीटिंगमध्ये तू म्हणालीस, ‘रिकाम्या नळीत भूर्जाचा डीएनए आला तो आमच्या साबण्याच्या कोटावरून. फाटकाशी भूर्जाची झाडं आहेत, त्यांच्याखालून हा आला आणि तसाच आत शिरला.’ सगळे हसले. घरातलं टोपणनाव प्रयोगशाळेत नेलंस, तेही माझ्यावर खापर फोडायला. अडाणी म्हणाली असतीस तर गिळलं असतं. दहावीच्या पेपरला उलटी करून उठलेला मुलगा मी, ते खोटं नाही. पण निष्काळजी?

मला तिथे तूच नेलंस. ‘कड्या पुन्हा पुन्हा तपासणारा, हात धुऊन धुऊन सोलून घेणारा माणूस आम्हाला हवाच आहे, तुझ्या वेडाला पगार मिळेल,’ म्हणालीस. उत्तरेच्या त्या बर्फाळ तळ्याच्या तळाचा चिखल पहिल्यांदा दाखवलास, तेव्हा किती मायेने समजावलं होतंस. काठावरची पानं, मुळं पाण्यात जातात, थरावर थर बसतो. जितकं खोल तितकं जुनं. आणि मेलेल्या झाडांचा डीएनए त्या थरांत चुऱ्यासारखा उरतो. खाली नुसतं शेवाळ आणि गवत, वर विलोची बुटकी झुडपं, मग भूर्जाची झाडं. तिथली हवा कधी उबदार झाली, ते त्यावरून कळतं. रिकामी नळी कशाला, तेही तूच शिकवलंस. तिच्यात चिखल घालायचा नाही. बाकी रसायनं तीच, हात तेच. शेवटी तिच्यात काही निघता कामा नये. निघालं तर ते बाहेरून आलं, आणि मग शेजारच्या नळ्यांचाही भरवसा नाही.

मग ताई, रिकाम्या नळीतला भूर्ज माझ्या कोटावरचा, आणि त्याच दिवशी, त्याच टेबलावर तपासलेल्या खोल थरातला भूर्ज मात्र हजारो वर्षांपूर्वीचा, हे कसं? लोक मानतात त्याच्या कितीतरी आधी तिथे भूर्ज होता, हा तुझा सगळा शोध त्या एका थरावर उभा आहे. तो तुला सोडवत नाही. म्हणून रिकामी नळी बाद केलीस आणि तिच्याबरोबर मलाही घरी बसवलंस.

आईला काय सांगितलंस कोण जाणे. काल जेवायला वाढताना तिने विचारलं, ‘हात धुतलेस ना रे?’ जन्मात पहिल्यांदा. त्याहून वाईट म्हणजे आता माझी मलाच खात्री वाटत नाही. फाटकापासून आतल्या खोलीपर्यंत मी मनात परत परत चालतो: कोट बाहेरच्या खुंटीला, अंघोळ, पांढरा पोशाख, हातमोज्यांवर हातमोजे. चूक कुठेच सापडत नाही, तरी चालणं थांबत नाही. माझं मन कसं आहे हे तुझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. ठाऊक असून नेमकं तिथेच बोट घातलंस.

हे सगळं आजच का लिहितोय, तर प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी मला सोमवारी बोलावलंय, एकट्याला. ‘बहिणीचं ऐकलं, आता तुमचं सांगा,’ म्हणाल्या. कोटाबद्दल मी शपथ घेणार नाही. भूर्ज रसायनातून आला की हवेतून, मला माहीत नाही, आणि तुलाही नाही. मी एवढंच मागणार आहे, की त्या थरातला उरलेला चिखल दुसऱ्या कोणीतरी, नव्या रिकाम्या नळ्या लावून, पुन्हा तपासावा. भूर्ज निघाला तर तुझा शोध खरा, आणि ते मी सर्वांत मोठ्याने सांगेन. नाही निघाला तर शोध जाईल. पण ही मागणी माझ्या तोंडून आली, तर तू जन्मभर भावाने उघडी पाडलेली बाई होशील. तुझ्या तोंडून आली, तर शास्त्रज्ञ राहशील. म्हणून हे पत्र शनिवारीच तुझ्या दाराखालून सरकवतोय. रविवार तुझा आहे. सोमवारी मी जाणार म्हणजे जाणार.

रागावलेला, तरी तुझाच,
धाकटा