शिंपल्यांचं पाणी

१४ मार्च
पाणी फेकून द्या म्हणे! माझ्या शिंपल्यांचं पाणी!

आरोग्य केंद्रातली वाल्दिनेया पत्रक घेऊन आली होती. कालपरवापर्यंत शेंबूड ओढत फिरणारी पोर, आता मला स्वयंपाक शिकवते. "झेनिल्दामावशी, खाडीतलं शिसं शिंपल्यांत उतरलंय. उकळा, पाणी ओतून टाका, मगच खा. आणि तळू नका. तळलं की पाणी उडतं, शिसं तिथंच राहतं—"

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. वीस वर्षं कारखाना नदीच्या तोंडाशी घाण सोडतोय, त्याला कोणी पत्रक दिलं? म्हटलं, "आधी त्यांना सांग, मग माझ्या पातेल्यात डोकाव!" आणि दार लावलं. पत्रकावरच्या खेकड्याला लहानग्या नातीनं, तैनानं, निळा रंग दिला. तेवढाच त्याचा उपयोग.

१५ मार्च
अजून डोकं तापलेलंच आहे. चिखलात गुडघाभर उतरून शिंपल्या आम्ही वेचायच्या, उकडायच्या, सोलायच्या. मांस शहरात जातं. आम्हाला उरतं ते पाणी. त्यात कसाव्याच्या कंदाचं पीठ ढवळलं की लापशीसारखा घट्ट पिरांव होतो. माझ्या आईनं सात पोरं त्याच्यावर वाढवली. सगळी ताकद त्या पाण्यातच असते, हे इथल्या कुठल्याही बाईला विचारा!

माझ्या लेकीला, जुसाराला, पाचवा महिना आहे. रोज दुपारी एक वाडगा द्यायचे. आजपासून दोन. बघूच.

१९ मार्च
जुसारा नाक मुरडते. "आई, वाल्दिनेया म्हणत होती—"
"तिनं किती पोरं जन्माला घातली? मुकाट्यानं खा."
वाडगे मात्र रिकामे आले. चाटूनपुसून!

२९ मार्च
गुड फ्रायडेचा पवित्र आठवडा तोंडावर आलाय. शहरातून मागणीवर मागणी. सोलून सोलून बोटं फुटलीत.

दुपारी रेडिओवर सांगितलं — बाजारातले नमुने तपासले. उकळून पाणी काढलेल्या मांसात शिसं कमी भरलं. ग्राहकांनी घाबरू नये. सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन पिरांव ढवळायला घेतला आणि हात थांबला. मांसातलं कमी झालं — मग गेलं कुठं?

तशीच वाल्दिनेयाकडे गेले. तिच्या अंगावरच धावून गेले. "पाणी फेका, एवढंच लिहिलंत! शिसं पाण्यात उतरतं हे लिहायला शाई संपली होती? आम्ही ते पाणी पितो, हे तुमच्या साहेबांना ठाऊक नाही?"

ती म्हणाली, "साहेबांना नसेल. मला होतं. तेच सांगायला आले होते, मावशी. तुम्ही दार लावलंत."

ग्राहकांनी घाबरू नये! शहरातला तो ग्राहक. मग आम्ही कोण? ज्यांनी खाडी नासवली ते लांब शहरात राहतात, आमचंच धुतलेलं मांस लिंबू पिळून खातात. आणि त्यांचं शिसं आमच्या ताटात. तळपायाची आग मस्तकात गेली आहे. पण त्या आगीखाली भीती आहे. दोन वाडगे. मीच. हट्टानं!

३० मार्च
जुसाराला रक्त तपासायला नेलं. सुई टोचताना तिनं माझा हात धरला नाही. काहीतरी सांगायचं होतं तिला, पण मी बोलूच दिलं नाही. सारखी "माफ कर, माफ कर" करत होते.

७ एप्रिल
गुड फ्रायडे. अख्ख्या वस्तीत पामतेलातल्या शिंपल्या-मासळीचा घमघमाट. आमच्याकडे भात आणि काळा घेवडा. शेजारची दालव्हिना कुंपणावरून ओरडली, "सण आहे की सुतक?" मी घेवडा वाढायला घेतला.

१२ एप्रिल
जुसाराचं रक्त चांगलं आलं! दवाखान्यात सगळ्यांसमोर रडले. वाल्दिनेयाच्या गळ्यात पडले.

वाटेत जुसारा म्हणाली, "आई, रागावू नकोस. मला त्याचा वास सोसत नव्हता. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. मी एक घासही खाल्ला नाही."

"मग वाडगे?"

"तैनाला आवडायचा ना. दोन्ही तीच खायची."