जुन्या विमानांचा उत्तररंग

प्रति,
मा. अध्यक्ष,
लढाऊ विमान मुदतवाढ समिती,
हैदराबाद.

विषय: जुन्या लढाऊ विमानांना मुदतवाढ न देण्याबाबत.
संदर्भ: गुरुपौर्णिमेच्या कीर्तनात, मध्यंतरात, आपण केलेले भाषण.

महोदय,

मी बरकतपुऱ्यातील कीर्तन मंडळाचा सेवेकरी. परवा आपल्या कपाळी बुक्का मी लावला, गळ्यात हार मी घातला. आज त्याचा पश्चात्ताप होत आहे.

१. आपण माईक घेऊन म्हणालात, "सीमेवरच्या छोट्या लढाईला जुनं विमान पुष्कळ झालं. नवं रडार बसवलं की भागतं." टाळ्या पडल्या. माझा मुलगा फ्लाइट लेफ्टनंट सूर्यभान तेच विमान उडवतो. विमान त्याच्याहून वयाने मोठे आहे.

२. लढाई छोटी म्हणून शत्रूही जुनीच विमाने काढील, असे त्याने आपणांस लिहून दिले आहे काय? मोठ्या युद्धात झुंड जाते. छोट्यात चारच जातात, आणि समोरचा आपली सर्वांत चांगली चार पाठवतो. वर आमच्या पोराला हुकूम, की सीमा ओलांडू नकोस. समोरच्याने दुरून नेम धरला तर याने पळावे कुठे? रडार नवे बसेल, इंजिन जुनेच. ते बंद पडायला शत्रूही लागत नाही. लढाई मर्यादित असेल ती नकाशावर. विमानात बसलेल्याला ती पुरती असते.

३. सध्या राज्याची वाटणी चालू आहे. जुन्या सरकारी जीपा, घाटात दगा देतील म्हणून, दोन्हीकडचे साहेब एकमेकांच्या गळ्यात मारीत आहेत. जमिनीवर जे चालत नाही, ते आभाळात कसे चालते?

४. सूर्यभान फोनवर म्हणतो, "नाना, पुराना है, पर चलता है." आई शेजारी ऐकत असताना तो दुसरे काय म्हणेल? त्याची आई चतुराबाई म्हणते, "त्या साहेबाला म्हणावं, मागच्या सीटवर बसून एक चक्कर मारून ये, मग सही कर." सदर मागणी मी याद्वारे रीतसर करीत आहे.

५. कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धांत मांडतो आणि उत्तररंगात आख्यान सांगून तो पटवतो. आपण सिद्धांत मांडलात आणि उत्तररंगाआधीच गाडीत बसून निघून गेलात. बुवांचे आख्यान मला त्या दिवशी ऐकूच आले नाही. आपल्या सिद्धांताचे आख्यान कोणाच्या दारी घडणार, एवढेच डोक्यात होते.

तरी मुदतवाढीवर सही करू नये. करायचीच असेल, तर आधी मंडळात यावे, विठोबासमोर, चतुराबाईच्या डोळ्यांत बघून उत्तररंग पुरा करावा. आपल्या मुलाबाळांना पांडुरंग सुखी ठेवो. आमच्याही.

सही होईपर्यंत आपला नम्र,
एकनाथराव सोळंके
बरकतपुरा, हैदराबाद
दि. १४ जुलै २०१४

सोबत: आपण खुर्चीवर टाकून गेलेला हार. तो सूर्यभानच्या आईने ओवला होता.