हेलेनाचा डाव

प्रिय मंडे,

ठक्. ठक्, ठक्. परवा सकाळी दाढी करताना तो आवाज कानात आला आणि साबण गालावरच वाळून गेला. पूल खेळायच्या दहा-बारा काठ्यांची, क्यूंची, जाड टोकं लाकडी जमिनीवर आपटल्याचा आवाज. टाळ्या वाजवायच्या त्या पाहुण्यांनी. आपल्यात कुणी अशक्य बॉल पाडला की बाकीचे मुकाट्याने क्यू जमिनीवर ठोकायचे, तेही थोडं नाइलाजाने, कारण पाडणारा त्यांचेच पैसे घेऊन निघालेला असायचा. तुझ्यासाठी तो ठोका मी जॉप्लिनला ऐकला, टेक्सारकानाला ऐकला, आणि ज्याचं नावही आता आठवत नाही अशा एका गावात, न्हाव्याच्या दुकानामागच्या एकुलत्या एक टेबलापाशीही ऐकला. सातवीला आम्हाला कविता शिकवणाऱ्या मिस प्रुइट म्हणायच्या, ठेका आधी पायाला कळला पाहिजे, डोक्याला मागाहून कळतो. वर्गात मला ते कधी उमगलं नाही. तुझ्यामुळे उमगलं.

तुला आता मंडे म्हणणारं कुणी उरलं नसेल. सोमवार सकाळचा असतो तसा उतरलेला चेहरा, म्हणून मंडे. त्या चेहऱ्यावर आपण दोघं पाच वर्षं जेवलो. हे एकोणचाळीस वर्षांतलं माझं पहिलं पत्र. हेलेना गावात त्या दुपारी, पंचवीस-तीस माणसांसमोर, मी तुला एक वाक्य बोललो. ते मला परत घ्यायचं आहे. पण मी तुझ्यासारखा सरळ फटका मारणारा नाही. मला कडेला लागून, वळून यावं लागतं. तेवढा वेळ दे.

हिरवी ब्यूक आठवते? मागच्या सीटवर कापसाच्या बियांची दोन पोती, तीच दोन पोती पाच वर्षं. गावाबाहेर गाडी थांबवून तू बुटांवर पीठ चोळायचास, धूळ दिसावी म्हणून. मग मी आधी आत जायचो, सैल टाय, खिशाबाहेर डोकावणाऱ्या नोटा, विम्याचा एजंट. अर्ध्या तासाने तू बिया विकणारा बनून यायचास आणि भिंतीवरच्या क्यूंमधला नेमका वाकडा क्यू उचलायचास. खेळणारा माणूस क्यू आधी टेबलावर लोळवून पाहतो, सरळ आहे का म्हणून. तू कधी लोळवला नाहीस. तेवढ्यावरच समोरचा अर्धा गारद व्हायचा. मग तुझं ते हरणं. जिंकणारे मी ढीगभर पाहिले, पण तुझ्यासारखं हरणारा दुसरा पाहिला नाही. बॉल पॉकेटच्या ओठावर असा थांबायचा, की बघणाऱ्यालाच हळहळ वाटावी. तू बडबडायचास, “माझी बायको म्हणते तेच खरं, मी बियाच विकाव्यात.” तुला बायको नव्हती.

आणि खूण. ती माझी कल्पना होती, हे आज मुद्दाम लिहितो. जॉप्लिनच्या आधल्या दिवशी, तळलेला मासा खाताना मी म्हणालो होतो, “हरण्याचं सोंग टाकून खरा खेळ उघडायची वेळ आली की डोळे चोळ. दमलेला माणूस डोळे चोळतोच, कुणाला संशय येणार नाही. तू चोळलेस की मी पैसे वाढवतो.” तू म्हणालास, “आणि खरंच डोळ्यात काही गेलं तर?” मी म्हणालो, “तर पापणी मिट आणि देवाचं नाव घे.” दोघंही हसलो. पुढे पाच वर्षं ती खूण एकदाही चुकली नाही.

गाडीत मी कविता म्हणायचो. तू वैतागायचास. “तुझ्या कवीला काही कामधंदा नव्हता का रे? सारखा आपला टेकडीवर उभा.” मी म्हणायचो, “लेका, तूही आयुष्यभर एका हिरव्या मैदानाकडेच टक लावून बसलायस.” पण त्या शेवटच्या उन्हाळ्यात तुझा सूर बदलला. मेम्फिसच्या रस्त्यावर एकदा तूच म्हणालास, “वाच रे काहीतरी.” मला केवढा आनंद झाला. म्हटलं, मंडेला गोडी लागली. जेवायला बसलो की पदार्थांचा कागद माझ्याकडे सरकवायचास, “तूच वाच, तुला वाचायची हौस.” दिवस कलला की गाडी मला द्यायचास. रस्त्यावरच्या पाट्या मला विचारायचास. मी खुशीत सगळं वाचत गेलो, पाट्या, कविता, माशांचे भाव. आपल्या आवाजावर प्रेम करणाऱ्या माणसाला समोरचा का ऐकतोय हा प्रश्नच पडत नाही.

आता हेलेना. चौसष्ट सालच्या ऑगस्टमधली दुपार, हार्डवेअरच्या दुकानावरचा तो लांबट हॉल, नदीकडच्या खिडक्या उघड्या आणि पंखे असून नसल्यासारखे. आर्मां गिड्री लुइझियानाहून आला होता. पोट सुटलेला, पण टेबलाभोवती नाचणाऱ्यासारखा फिरणारा. मी त्याला म्हणालो, “माझा मित्र बिया विकतो, याला दोन बॉलची सूट द्या.” तुझे हात पाहून तो हसला. “बिया विकणाऱ्याच्या हाताला घट्टे असतात, गड्या. हे तर बिशपचे हात. एका बॉलची सूट देतो, तीही त्याच्या चेहऱ्याकडे बघून. घरी कुणी वारलंय का?” सगळा हॉल हसला, तूही हसलास. ठरल्याप्रमाणे पहिले दोन डाव हरलास. तिसऱ्या डावात एक सोपा बॉल चुकलास, खिडकीकडे वळलास आणि डोळे चोळलेस.

मी पैसे वाढवले.

तू माझ्याकडे पाहून मान हलवलीस, नको म्हणून. मी मनात म्हटलं, काय नट आहे! पुढचा डाव तू हरलास आणि पुन्हा डोळे चोळलेस, या वेळी दोन्ही मुठींनी, रडून उठलेल्या पोरासारखे. मी पुन्हा वाढवले. जवळ येऊन तू हळूच म्हणालास, “लाईल, पुरे.” मी त्याहून हळू म्हणालो, “मस्त चाललंय.” आपण इतकी वर्षं खोटं रंगवत आलो होतो, की खरं माझ्यासमोर उभं राहून विनवत होतं आणि मी त्याच्या अभिनयाला दाद देत होतो. तिसऱ्या वेळी मी ब्यूकची किल्ली टेबलाच्या कडेवर ठेवली.

शेवटचा नऊ नंबरचा बॉल तुला अजून दिसत असेल का, मला माहीत नाही. मला दिसतो. कोपऱ्यापासून वीतभर. तुझ्यासाठी तो झोपेतला फटका होता. तू खूप वेळ वाकून राहिलास. मग तो बॉल पॉकेटच्या जवळपासही गेला नाही.

गिड्रीने रीत पाळली. गावोगाव फिरून खेळणाऱ्याला कफल्लक करून सोडायचं नाही, घरी जाण्यापुरता वाटखर्च त्याच्या हातावर ठेवायचा. तो त्याने माझ्यापुढे धरला, मी हात मागे घेतला. तुझ्यापुढे धरला, तू घेतलास. नोटा डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्यास आणि घडी करून खिशात ठेवल्यास. तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, हा वाटखर्च नाही, हा याचा वाटा. आणि मी ओरडलो, “याने डाव विकला.” गिड्री म्हणाला, “गड्या, तोंड सांभाळ.” तू फक्त म्हणालास, “मी डोळे चोळत होतो, लाईल.” आणि मी, शब्दांवर जीव टाकणारा मी, ते कबुलीजबाब म्हणून ऐकलं. “हो ना! चोळत होतास. मला खड्ड्यात घालायला चोळत होतास.” तू जिन्याकडे वळलास. जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी पायाने चाचपत उतरलास. मी वरून बघत होतो. मला वाटलं, तू लाजेने असा उतरतोयस.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आपल्या धंद्यात घरफोड्याला माफी आहे, डाव विकणाऱ्याला नाही. तीन आठवड्यांत ते वाक्य ओक्लाहोमाला पोचलं. सेंट लुइसला तू खेळ मागितलास तेव्हा तुझ्यावर पैसे लावायला एक माणूस उभा राहिला नाही, असं मी ऐकलं आणि मला बरं वाटलं.

आता मी इतकी वर्षं दडवलेलं सांगतो. मला खरं काय ते कालपरवा कळलेलं नाही. पंचाहत्तर साली मला साइकस्टनला पेट्रोल भरताना तुझी बहीण वर्ना भेटली. मी टोपी काढली, तिने ती बघितलीही नाही. म्हणाली, “तो खुर्च्या विणतो. बोटांनी, कारण डोळे गेलेत. शेवटचा उजेड सत्तर साली गेला. डॉक्टर म्हणाले, दुखणं त्याच्या आधी सात-आठ वर्षं आत बसलेलं होतं. तुला हिशोब येतो ना? पैसे लावायचास, मग कर हिशोब.” आणि जाताना म्हणाली, “माझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस. तुझ्या उंबऱ्यावर मीही मरेपर्यंत येणार नाही.” मी पंपावरच वर्षं मोजली. पाट्या, जेवणाचे कागद, मेम्फिसचा रस्ता, नोटा डोळ्यांजवळ नेणं, सगळं एकेक करून जागेवर बसलं.

आणि मी काय केलं? काही नाही. अठ्ठावीस वर्षं काही नाही. कारण तोवर हेलेनाची गोष्ट माझी झाली होती. जुने खेळाडू मला कॉफी पाजून ती सांगायला लावायचे आणि मी रंगवून सांगायचो. गिड्रीच्या तोंडी मी त्याने कधी न बोललेली वाक्यं घातली. तुझ्या चेहऱ्यावर एक चोरटं हसू घातलं, जे तिथे नव्हतं. मिस प्रुइट म्हणायच्या, लाईलला यमक सुचतं. मला नेहमीच सुचलं रे, ज्याची गरज नव्हती तेही.

इथे पडूकाला, दर ऑगस्टमध्ये उरलेसुरले खेळाडू सकाळच्या नाश्त्याला जमतात. निम्म्यांच्या हातात क्यूऐवजी काठ्या, एकाच्या नाकात नळी. गेल्या शनिवारी सवयीने कुणीतरी म्हणालं, “लाईल, हेलेनाचं सांग.” मी नेहमीसारखी सुरुवात केली. तू डोळे चोळलेस इथवर आलो आणि पुढचं खोटं जिभेवर येईना. मग मी खरं सांगितलं, पंपासकट. हर्शल बिग्ज म्हणाला, “म्हणजे एवढी वर्षं आम्ही एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाला चोर म्हणत होतो?” मी म्हणालो, “म्हणत मी होतो. तुम्ही ऐकत होता.” तो म्हणाला, “मेल्या, आम्ही कॉफीचे पैसेही देत होतो.” कुणी हसलं नाही. निघताना त्याने तुझा फोन नंबर कुणाकुणाला विचारला. माझ्याकडे नव्हता.

म्हणून हे पत्र. चाळीस माणसांसमोर बोललो, पण ज्याचं होतं त्याच्यासमोर बोलायची छाती नाही, म्हणून कागद. आणि कागद लिहायला बसल्यावर ध्यानात आलं, की तू तो वाचू शकणार नाहीस; वर्नालाच वाचून दाखवावा लागेल. वर्ना, मध्येच फाडावासा वाटला असेल, तरी इथवर आलीस, तर एवढं एक मोठ्याने वाच: क्लोव्हिस रेडमनने डाव विकला नाही. त्याने मला दोनदा थांबवलं आणि मी थांबलो नाही. मंडे, माफ कर असं म्हणायचा हक्क मला आहे की नाही ते ठरवता येईना, म्हणून खालची ओळ चारदा लिहून खोडली आहे. पाचव्यांदा लिहिणार तेवढ्यात जाळीच्या दारावर थाप पडली. वाटलं, टपालवाला. वर्ना उभी आहे, पांढरे केस, हातात ट्रकची किल्ली, उंबऱ्याच्या पलीकडे नाही, अगदी उंबऱ्यावर. “हर्शलने फोन केला,” म्हणाली. “क्लोव्हिस बाहेर गाडीत बसलाय. आत यायचं नाही म्हणतो, तूच बाहेर ये म्हणतो.” मी म्हणालो, पत्र लिहीत होतो, दोन ओळी राहिल्यात. मी उभ्याउभ्या हे खरडतोय आणि ती माझ्या हातातल्या कागदाकडे बघतेय. “ते ठेव खाली, लाईल. तोंडाने सांग म्हणालाय.”

तुझाच,
लाईल