मेव्हला नाताळच्या शुभेच्छा

१३ नोव्हें. २०१२, त्सुकुबा, जपान
दिवाळी. लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या आयरिश मेव्हने कार्ड दिलं. मराठीत, हाताने लिहिलेलं. तीन चुका. लाल पेनाने दुरुस्त करून परत तिच्या टेबलावर ठेवलं. इथे प्रत्येक ड्रॉइंग असंच लाल खुणा आणि तपासणाऱ्याचा शिक्का घेऊन फिरतं. हात आपोआप गेला. तानाका-सान म्हणाले, "जोशी-सान, शिक्का राहिला!" सगळे हसले. मेव्ह सगळ्यात शेवटी हसली.

१५ नोव्हें.
कार्ड रद्दी कागदांच्या डब्यात. दिसलं, उचललं नाही. तानाका-सान हळूच म्हणाले, "महिनाभर जेवणाच्या सुट्टीत गिरवत होती ती."
गेल्या वर्षीच्या मोठ्या भूकंपानंतरच्या आठवड्यात हीच रोज सकाळी माझं दार वाजवून, मी आहे ना, बघून जायची. आणि मी—

२९ नोव्हें.
मेव्हचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. २१ डिसें.ला कायमची घरी. नाताळच्या शुभेच्छा तिच्या भाषेत, आयरिशमध्ये, द्यायचं ठरवलं. निर्दोष हव्यात. तीन ठिकाणी तीन रूपं सापडली. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या एका निवृत्त शिक्षकांना मेल केली.

८ डिसें.
आईचा फोन. "अगं, समोर जाऊन सॉरी म्हण की."
"लिहिते आहे ना."
"त्यापेक्षा चहाला बोलाव. का चहाचंही आधी ड्रॉइंग लागतं?"
काम आहे म्हणून ठेवला.

१४ डिसें.
शिक्षकांचं उत्तर. 'नलिग हना', म्हणजे शुभ नाताळ, ही ओळ त्यांनी नीट करून दिली, खाली एक जोडली: पुढच्या वर्षी याच वेळी आपण सगळे जिवंत असू दे. त्यांच्याकडे सणाला असं म्हणतात. भूकंप पाहिलेल्या दोघींना चालेल. सहा कार्डं वाया, सातवं स्वच्छ.

२० डिसें.
दिलं. मेव्हने दोनदा वाचलं.
"कुणी तपासलं?"
"गॉलवेचे एक शिक्षक."
"एकही चूक नाही," म्हणाली. कार्ड पिशवीत टाकलं. सॉरी म्हणायचं होतं. विचारलं, "फ्लाइट किती वाजता?"

२५ डिसें.
इथे कामाचा दिवस. दुपारी शब्दकोश उघडून तिच्या भाषेत स्वतःच मेल लिहिली. माफी मागितली आहे, निदान मला तसं वाटतं. कुणाला दाखवली नाही. शेवटचं वाक्य नक्की चुकलं आहे. तशीच पाठवली. तिथे पहाटेचे चार.

संध्या. ७. तिकडे दहा वाजले असतील. अजून काही नाही.