शुद्ध पक्षात हजर झालेल्या बाईचे मृत्युपत्र

मी, सौ. विजयमाला हिंमतराव उंद्रे, वय साठ, निवृत्त परिचारिका, राहणार मांजरी, पुणे, आज हे मृत्युपत्र करून ठेवते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही आणि माझी बुद्धी ठिकाणावर आहे, असा दाखला डॉ. अनिरुद्ध साठ्ये यांनी सोबत दिला आहे. मी रागावलेली आहे, असा दाखला कायद्याला लागत नाही. तो मीच देते. पुढचा सर्व मजकूर शुद्धीत आणि रागात लिहिला आहे. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी सरकारी रुग्णालयाचा वॉर्ड कधी सांभाळलेला नाही.

१. माझ्या मागे कोण. पती हिंमतराव, मार्केट यार्डात एका आडत्याकडे जन्मभर दिवाणजी होते. त्यांना पेन्शन नाही, आणि आडत्याने कधी तसा शब्दही दिला नव्हता, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. मुलगा योगेश, सून नम्रता आणि नात उत्कर्षा वाघोलीला राहतात. योगेशची आयटीतली नोकरी गेल्या दिवाळीनंतर गेली. घराचे कर्ज मात्र जागेवर आहे. नम्रता खाजगी शाळेत शिकवते आणि त्या पगारावर सध्या त्यांचे घर चालते. थोरले दीर आप्पासाहेब इथेच मांजरीत असतात. त्यांच्या उसाच्या रानात आता बारा मजली इमारती आहेत.

२. माझे निवृत्तिवेतन, आणि ते असे का आहे. मी अठ्ठावीस वर्षे रुग्णालयात काम केले. त्यातली पहिली दहा हंगामी. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डात, त्याच पेशंटांपाशी पुन्हा उभे करायचे, म्हणजे नोकरी सलग होत नाही. पेशंट सलग आजारी असत, त्याला इलाज नव्हता.

सन २००५ मध्ये, कोजागिरी झाल्यावर, कायम नेमणुकीचा आदेश हातात पडला. हजर व्हायला महिनाभराची मुदत होती. मी दुसऱ्या दिवशी निघणार होते. आप्पासाहेबांनी पंचांग उघडले.

"वद्य पक्ष हाय. कायमची नोकरी वद्यात धरायची न्हाई. दिवाळी हुं द्या, शुद्धात हजर व्हा. सरकार काय पळून जातंय का?"

हिंमतराव म्हणाले, "दादा म्हणतायत तर थांब. मुदत आहे ना?"

मुदत होती. मी थांबले. फराळ केला, भाऊबीज केली आणि कार्तिक शुद्धात, नवी साडी नेसून, पेढे घेऊन हजर झाले. दरम्यान ऐन दिवाळीत, ३१ ऑक्टोबरला, निर्णय निघाला होता की उद्यापासून, म्हणजे १ नोव्हेंबरपासून, जो नोकरीत येईल त्याला जुनी पेन्शन नाही. आप्पासाहेबांचे बरोबर होते. सरकार पळून गेले नाही. आम्हीच मागे राहिलो.

माझी मैत्रीण चंद्रभागा सोनटक्के हिचे नाव त्याच आदेशात माझ्या खाली होते. तिच्या घरी पंचांग बघणारे कोणी नव्हते. ती भर वद्यात गेली आणि सही करून मोकळी झाली. आज तिला जुनी पेन्शन मिळते, तीत महागाई भत्ता वाढतो. मला नव्या योजनेचे मिळते, ते वाढत नाही. आम्ही एकाच वॉर्डात, एकाच पेशंटाला दोन बाजूंनी धरून उचलले आहे. तिला मिळते त्याचे मला वाईट वाटत नाही. मला मिळत नाही त्याचे वाटते, आणि हा मत्सर नव्हे, हे नीट वाचावे.

आमच्या पगारातून कापलेले पैसे बाजारात लावले होते. बाजारातून मी जन्मभर भाजीच आणली. तिथे माझे म्हातारपण ठेवले आहे हे मला कोणी विचारले नव्हते. निवृत्त झाले तेव्हा "सध्या मार्केट जरा डाउन आहे, मॅडम" असे एका मुलाने हसून सांगितले. त्यातून महिन्याला जे हाती येते त्यात आता गॅस तरी येतो नाहीतर औषधे तरी. नंतर आमच्यासारख्यांसाठी जुन्या पेन्शनमध्ये जाण्याचा काही विकल्प निघाला, तेव्हा मी निवृत्त झालेली होते. तो मला लागू नाही, असे कार्यालयाने तोंडी सांगितले. लेखी द्या म्हटले, तर अजून देतच आहेत.

३. राहते घर. मांजरीतली ही दोन खोल्यांची सदनिका माझ्या कर्जातून घेतलेली, माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्यामागे हिंमतरावांना तिथे हयातभर राहण्याचा हक्क राहील. त्यांच्या हयातीत ती विकायची नाही, गहाण टाकायची नाही, भाड्याने द्यायची नाही.

हे कलम योगेशसाठी आहे, हे तो ओळखेल. मागच्या महिन्यात तो इथे आला होता.

"आई, प्रॅक्टिकली बघ ना. हा फ्लॅट विकला की माझं लोन क्लिअर. तुम्ही दोघं आमच्याकडे या."

"आणि तुझी पुढची नोकरी गेली तर?"

"तू निगेटिव्हच का बोलतेस?"

योगेश, मी निगेटिव्ह बोलत नाही. एका घरात धड पेन्शन नाही आणि दुसऱ्यात धड पगार नाही, अशा वेळी छपरे दोन असावीत. तू वाईट नाहीस, घाबरलेला आहेस. पण घाबरलेल्या माणसाच्या हातात मी तुझ्या बापाचे छप्पर देणार नाही. हिंमतरावांच्या पश्चात हे घर तुझे आणि नम्रताचे, निम्मे निम्मे. दोघांच्या सहीखेरीज व्यवहार होणार नाही. नम्रताची सही सहजासहजी मिळत नाही, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच तसे लिहिले आहे.

४. विमा कंपनीत अडकलेली मूळ रक्कम. नव्या योजनेत माझ्या पैशांचा मोठा भाग सक्तीने तिथे ठेवून घेतला आहे, त्यावरच मला महिन्याचे काय ते मिळते. मला त्याला हात लावता येत नाही. माझ्यामागे हिंमतरावांनाही नाही. आम्ही दोघेही गेलो की तो मोकळा होतो आणि योगेशला मिळतो. म्हणजे आईबाप वेळेवर मेले तर मुलाचे कर्ज हलके होते. अशी व्यवस्था ज्यांनी बसून आखली त्यांनी तिला सुधारणा असे नाव दिले आहे. योगेश, ती रक्कम घे, आणि घेताना लाजू नकोस. लाजायचे ते दुसरेच आहेत.

५. माझा दावा. जुन्या पेन्शनसाठी मी न्यायाधिकरणात अर्ज केला आहे. तो माझ्यामागे बंद पडू देऊ नये. तारखांना हजर राहण्याचे काम चंद्रभागाने पत्करले आहे आणि या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी तिलाच नेमते. निकाल विरुद्ध गेला तर वर जावे. "बाई तर आता हयात नाहीत" असे कोणी म्हटले, तर त्यांचे पती हयात आहेत, असे ठणकावून सांगावे.

६. किरकोळ. दागिने म्हणण्यासारखे काही नाही. जे आहे ते उत्कर्षाचे. ड्युटीचे घड्याळ नम्रताला. आप्पासाहेबांना चालू वर्षाचे पंचांग, नवे, विकत आणून द्यावे. माझ्या तेराव्याची तारीख त्यांना विचारू नये.

७. हिंमतराव, हे कलम तुमच्यासाठी. अहो, रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट आपल्या घरी दुप्पट दिवस पुरू लागले, हे परिचारिकेच्या लक्षात येणार नाही असे तुम्हाला वाटले? मी विचारले तेव्हा तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "मीच थांब म्हणालो होतो ना तुला. मग खर्च मी का वाढवायचा?" त्यानंतर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, ते तुम्हाला कळले नाही.

म्हणून शुद्धीत राहून, साक्षीदारांसमोर लिहून देते, की त्यात तुमची काही चूक नव्हती. महिन्याची मुदत देऊन मध्येच दार लावणाऱ्यांची ती चूक आहे. चांगला दिवस बघणे हा गुन्हा नाही, आणि असला तरी त्याची शिक्षा तुमच्या रक्तदाबाला नाही. गोळी रोज घ्यायची. मी असताना आणि नसतानाही.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, या कलमाला कायद्यात काही किंमत नाही."

मी म्हटले, "माझ्या अठ्ठावीस वर्षांना तरी कुठे होती? लिहा."

त्यांनी लिहिले. मी वाचून पाहिले, बरोबर आहे.

लिहून ठेवणार : विजयमाला हिंमतराव उंद्रे (सही)

बाईंनी आमच्या समक्ष वाचून सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष केली :
१. सुखदेव गिरमे, सोसायटीचे सचिव (सही)
२. श्रद्धा काळोखे, परिचारिका (सही)

ठिकाण : मांजरी, पुणे
दिनांक : १५ सप्टेंबर २०२५. पितृपक्ष चालू आहे. मुद्दाम.